मागं बसलेल्या माणसाला कुणी विचारतं का?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण गाडीवर डबलसीट फिरत असाल तर शेवटपर्यंत वाचा. आणि घरातलं जे माणूस तुमच्या मागं बसतं, त्यालाही वाचून दाखवा.

दीड महिन्यापूर्वी माझी बायको गाडीवरून पडली. चालवत मीच होतो.

मेहुण्याच्या घरची वास्तुशांती उरकून संध्याकाळी परत येत होतो. गाडी १०० सीसीची, आठ वर्षं वापरलेली. मागं बायको एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर आहेराची पिशवी. फाट्याच्या अलीकडं नवीन गतिरोधक झालाय. त्याला ना पांढरे पट्टे, ना आधी पाटी. मला तो दिसला तेव्हा दहा-पंधरा फुटांवर होता. ब्रेक दाबला, पुढचं चाक कसंबसं वर चढून उतरलं, मागचं दणकन आपटलं, आणि पाठीमागचं वजन एकदम नाहीसं झालं. वळून बघतो तर बायको रस्त्यात.

मनगट मोडलं, डोक्याला तीन टाके. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता. तो हळू होता आणि चालवणारा शुद्धीत होता, म्हणून आज ही पोस्ट मी अशी लिहू शकतोय. नाहीतर वेगळी लिहावी लागली असती.

वीस वर्षं झाली मला बातमीदारीत. 'दुचाकीवरून तोल जाऊन महिला जखमी' ही चार ओळींची बातमी किती वेळा दिली असेल, मोजदाद नाही. दवाखान्यात प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, "तोल गेला का?" बायको म्हणाली, "माझा तोल नाही गेला. सीटनं मला फेकलं."

ते वाक्य डोक्यात बसलं. 'तोल जाऊन' म्हणलं की चूक पडणाऱ्याची होते. रस्ता सुटतो, गाडी सुटते, चालवणारा नवराही सुटतो. बातमी लिहिणारा तर सुटतोच.

मिस्त्री काय म्हणाला

दोन दिवसांनी गाडी गॅरेजला नेली. इंडिकेटर तुटलेलं, तेवढंच करायचं होतं. मिस्त्रीनं गाडी बघितली, मागच्या सीटवर दोन्ही हातांनी जोर देऊन दाबलं आणि सोडलं. गाडी वर आली, खाली गेली, परत वर, परत खाली.

"भाऊ, शॉकअप गेलाय उजवीकडचा. तेल बघा किती ओघळलंय." मग खाली वाकून म्हणाला, "आणि दोन्ही पहिल्याच खाचेवर. आठ वर्षांत कधी फिरवलंच नाही का?"

म्हणलं, फिरवायचं असतं हेच माहीत नव्हतं.

तो हसला. म्हणाला, "कुणालाच माहीत नसतं. शंभरातल्या नव्वद गाड्या अशाच येतात." नव्वदचा आकडा त्याचा अंदाज आहे, त्याला सर्वेक्षण समजू नका. पण त्या दिवसापासून मी चहाच्या टपरीवर, तहसीलसमोर, कॉलेजच्या पार्किंगमध्ये वाकून वाकून लोकांच्या गाड्या बघतोय. लोकांना वाटतं पत्रकाराचं काहीतरी हरवलं. मिस्त्रीचं म्हणणं फारसं चुकीचं नाही, एवढं सांगतो.

हवाही तपासली. मागच्या चाकात बावीस. अशी गाडी घेऊन मी दोन माणसं आणि एक पिशवी नेत होतो, आणि वर रस्त्याच्या नावानं बोटं मोडत होतो.

ही खाच म्हणजे काय?

मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंग दिसते. तिच्या एका टोकाला पायऱ्या पायऱ्यांची एक लोखंडी कडी असते. स्प्लेंडरसारख्या गाडीला ५ पायऱ्या, क्लासिक ३५० ला ६. आकड्यासारख्या वाकड्या पान्यानं ती कडी फिरवली की स्प्रिंग थोडी आधीच दाबली जाते. पहिली खाच सगळ्यात मऊ, शेवटची सगळ्यात कडक, असं आपण म्हणतो.

खरं म्हणजे स्प्रिंग तीच राहते, ती कडक होत नाही. फरक पडतो तो गाडी किती खाली बसते यात. माणसं बसली की मागची बाजू दबते. पहिल्या खाचेवर दोघं बसले, वर गव्हाचं कट्टं असलं, तर स्प्रिंगची बरीच हालचाल उभ्या जागीच संपून जाते. मग खड्डा आला की दबायला जागाच उरत नाही. लोखंड तळाच्या रबरावर आपटतं आणि तो दणका सरळ सीटला येतो. खाच वाढवली की गाडी तेवढी वर राहते आणि खड्डा गिळायला जागा उरते.

दुसरी गोष्ट तेलाची. स्प्रिंग दणका साठवते आणि लगेच परत देते. परत देताना तिला आवरायचं काम शॉकअपच्या नळीतलं तेल करतं. तेल गळालं की आवरणारं कुणी नाही, सीट खालून वर उसळते. मागं बसणारा माणूस जवळजवळ मागच्या चाकावरच बसलेला असतो, त्यामुळं ती उसळी सगळी त्याच्या वाट्याला येते. चालवणारा दोन चाकांच्या मध्ये असतो, हातात हँडल असतं, समोरचं दिसतं. मागच्याला यातलं काहीच नसतं.

बायकोचं वाक्य म्हणजे शंभर टक्के बरोबर इंजिनिअरिंग होतं.

अजून दोन परिणाम होतात, ते चालवणाऱ्याला कळतात पण कारण कळत नाही. मागची बाजू बसली की पुढची उचलली जाते. पुढचं चाक हलकं लागतं, वळणावर गाडी बाहेर जायला बघते. आणि हेडलाइट वर बघायला लागतो. रात्री समोरच्याच्या डोळ्यांत उजेड आणि आपल्या चाकापुढं अंधार. समोरचा शिव्या देतो, आपल्याला वाटतं याला काय झालं.

मग करायचं काय?

मी मेकॅनिक नाही. मिस्त्रीकडून आणि गाडीच्या पुस्तकातून जे समजलं ते साध्या भाषेत देतोय.

१. आधी हवा. एकट्यासाठी वेगळी, डबलसीटसाठी वेगळी, दोन्ही आकडे गाडीच्या पुस्तकात असतात. पंपावरच्या पोराला "टाक रे हवा" म्हणू नका, आकडा सांगा. टायर गार असताना भरा. हवा चुकीची असेल तर खाचा फिरवून काही कळणार नाही.

२. गाडी स्टँडवरून काढून, दोन्ही चाकं जमिनीवर टेकवून सरळ धरा आणि सीट जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीन वेळा झुलली तर तेल संपलंय, तिथं खाच वाढवून उपयोग नाही. उलट जास्त उसळेल. शॉकअप बदला, आणि बदलताना जोडीच बदला.

३. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी पाहिजे. चाकाच्या मधल्या बोल्टपासून वर सीटखालच्या एखाद्या खुणेपर्यंत टेपनं माप घ्या. मग गाडी खाली घेऊन, रोज जेवढी माणसं बसतात तेवढी बसवून तिसऱ्याला परत माप घ्यायला सांगा. दोन्हीतला फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश असावा. निम्म्याच्या वर गेला तर खाच वाढवा.

४. दोन्ही बाजूंना एकच खाच. डावीकडं दुसरी आणि उजवीकडं चौथी असं ठेवलं तर गाडी वाकडी पळते. खाच एकेक करत फिरवा. पहिलीवरून सरळ पाचवीवर उडी मारली तर कडीचे दात खराब होतात. आणि सायलेन्सर गार होऊ द्या, हात जवळ जातो.

५. सारखे एकटेच फिरत असाल तर पाचव्या खाचेवर ठेवू नका. गाडी उंच आणि ताठ होते, मागचं चाक खडबडीत रस्त्यावर उड्या मारतं. उडालेल्या चाकाला पकड नसते, ब्रेक मारला की सरकतं. दूधवाले मित्र ऐका: भरलेल्या किटल्या नेताना शेवटची खाच ठीक, पण रिकाम्या किटल्या घेऊन येताना तीच गाडी घसरते.

६. पुढच्या नळ्यांवर तेलाचा ओला पट्टा दिसला तर सील गेलंय. तेल खाली डिस्कवर किंवा ड्रमपर्यंत उतरायच्या आत बघून घ्या. आपल्या साध्या गाड्यांना पुढं फिरवायला काही नसतं, पण नळीतलं तेल जुनं होतं, पुस्तकात दिलेल्या अंतराला बदलावं लागतं.

७. पोरांसाठी: तुमच्या महागड्या गाड्यांना पुढं-मागं क्लिकचे स्क्रू असतात. यूट्यूब बघून सगळे एकदम फिरवू नका. आहे ती सेटिंग आधी लिहून ठेवा, एका वेळी एकच गोष्ट दोन क्लिक बदला, ओळखीच्या रस्त्यावर चालवून बघा. नाहीतर परत मूळ जागी कसं यायचं हेच कळत नाही.

८. आणि पाना लागत नाही अशी एक गोष्ट. ब्रेक गतिरोधकाच्या आधी मारायचा आणि चढायच्या आत सोडायचा. ब्रेक दाबूनच चढलात तर पुढच्या नळ्या आधीच दबलेल्या असतात. आणि मागच्याला तोंडानं सांगायचं, "धर." एवढा एक शब्द त्या दिवशी मी बोललो असतो तर.

एकदा शिकलात की दहा मिनिटांचं काम आहे, खर्च शून्य.

आता दुसरी बाजू, कारण कमेंटमध्ये येणारच आहे

"म्हणजे पत्रकार साहेब, रस्ता खराब करणारे मोकळे आणि पाना आम्ही फिरवायचा?"

नाही. अजिबात नाही.

बायको पडली त्या गतिरोधकावर मी टेप घेऊन गेलो. वीतभर उंच आणि रुंदी फूटभर. भारतीय रस्ते काँग्रेसचं मानक काय सांगतं? उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर. म्हणजे बारा फूट रुंद, ताशी २५ किलोमीटरनं आरामात ओलांडता येईल असा गोल चढ. आधी ४० मीटरवर इशाऱ्याची पाटी, वर रंगाचे पट्टे.

रुंदीनं काय फरक पडतो, साधं गणित करा. ताशी २५ म्हणजे सेकंदाला सात मीटर. मानकाप्रमाणं केलेल्या गतिरोधकावर चाकाला माथ्यापर्यंत चढायला पाव सेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ मिळतो. फूटभर रुंदीच्या उंचवट्यावर मिळतो सेकंदाचा पन्नासावा भाग, आणि चढायचं असतं त्याच्या दुप्पट. जगातला कुठलाही शॉकअप, कुठल्याही खाचेवर, हे गिळू शकत नाही. त्याला गतिरोधक कशाला म्हणायचं? रस्त्यात आडवी बांधलेली भिंत आहे ती.

ही भिंत बांधली कुणी? बांधकाम खातं म्हणतं आमची नाही. ग्रामपंचायत म्हणते ठराव नाही. गावकरी म्हणतात, शाळेची पोरं रस्ता ओलांडतात, वर्षभर अर्ज केले, कुणी आलं नाही, मग वर्गणी काढून टाकला. गावकऱ्यांचा राग खोटा नाही. पण पोरांना वाचवायला टाकलेल्या उंचवट्यावर दुसऱ्याची आई पडली तर त्याला काय म्हणायचं? मागणी रास्त असूनही वर्षभर अर्ज दाबून ठेवणारं कार्यालय यात पहिलं दोषी आहे, हे मी नाव न घेता पण स्पष्ट लिहितो.

आकडे बघा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची. खड्ड्यांमुळं गेलेले म्हणून नोंद आहे १,८५६ जणांची. माझा स्वतःचा अनुभव सांगतो, ही नोंद अपुरी असणार. खड्डा चुकवताना पडला तर कागदावर येतं 'चालकाचा ताबा सुटला'. मागची बाई पडली तर येतं 'तोल गेला'. पंचनाम्यात खड्ड्याची खोली किंवा गतिरोधकाची उंची लिहिलेली मी वीस वर्षांत क्वचितच बघितली.

कायदा नाही असं नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८ अ आलं. रस्त्याच्या आखणीचं, बांधकामाचं, देखभालीचं ठरलेलं मानक पाळलं नाही आणि त्यामुळं मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळं मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं, आणि ती जबाबदारांकडून वसूल करा असंही म्हटलं. आपल्या तालुक्यात किती जणांना हे माहीत आहे? पण भरपाई मागायला पुरावा लागतो. आणि पुरावा म्हणून आपल्याकडं असतं काय, तर 'तोल जाऊन' लिहिलेलं कात्रण. मीच लिहिलेलं.

म्हणून माझं म्हणणं

रस्त्याची लढाई आणि गाडीची काळजी या एकमेकांच्या विरोधातल्या गोष्टी नाहीत. रस्ता नीट होईपर्यंत माणूस जिवंत राहिला पाहिजे, तरच तो लढेल. शॉकअप नीट असणं म्हणजे गुत्तेदाराला माफी नव्हे. उलट गाडी नीट असेल तर उद्या कुणी "तुमचीच गाडी खराब होती" म्हणून अंग काढू शकणार नाही. परवा मला असंच ऐकून घ्यावं लागलं, आणि तोंडात उत्तर नव्हतं, कारण गाडी खरंच खराब होती.

चार मागण्या आहेत. कुणाचं एक रुपयाचं बजेट लागत नाही.

शोरूमवाल्यांनो, गाडीची चावी देताना हार घालता, पेढा देता, फोटो काढता. त्यातली पाच मिनिटं काढून विचारा: एकटे फिरता की डबलसीट? वजन काय नेता? त्याप्रमाणं खाच लावून द्या आणि पाना कुठं आहे ते दाखवा. फ्री सर्व्हिसिंगच्या कार्डावर या गोष्टीची एक ओळ असू द्या.

आरटीओ साहेब, लायसनला आपण 'आठ' काढून दाखवतो, एकट्यानं. इथली निम्मी गाडी तर डबलसीट चालते. कॅम्पला येणाऱ्या पोरांना हवा आणि शॉकअप या दोन गोष्टी तरी सांगा. जानेवारीत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होतो, गुलाबाचं फूल देता, आम्ही फोटो छापतो. यंदा फुलाबरोबर एक मिस्त्री आणि दोन पाने बसवा, बस स्टँडसमोर. बातमी मी स्वतः पहिल्या पानासाठी पाठवतो.

पोलीस ठाण्यातल्या मित्रांनो, पंचनाम्यात टेप लावा. खड्डा किती खोल, गतिरोधक किती उंच, पाटी होती की नाही. तीन ओळी लिहा. त्या तीन ओळींवर एखाद्या घराची भरपाई उभी राहील.

आणि बांधकाम खात्याला: तालुक्यातल्या बेकायदा गतिरोधकांची यादी करा. काढा, आणि जिथं शाळा आहे तिथं मानकाप्रमाणं करून द्या. नुसतं काढून जाऊ नका, नाहीतर गावकरी आठ दिवसांत परत टाकतील आणि त्यांचं चुकणार नाही.

माझ्या बाजूनं एक कबुली आणि एक शब्द. यापुढं माझ्या बातमीत 'तोल जाऊन' येणार नाही. कशामुळं पडली, ते बघून लिहीन. उशीर झाला तर चालेल.

परवा बायकोचं प्लास्टर निघालं. दवाखान्यातून बाहेर आलो, नवीन शॉकअप, मागं बरोबर हवा, खाच तिसरी. गाडीजवळ ती थांबली. बसायच्या आधी विचारलं, "फिरवलं का ते?" म्हणलं, फिरवलं. मग बसली. या वेळी दोन्ही बाजूंना पाय टाकून, आणि एक हात माझ्या खांद्यावर. पूर्ण रस्ताभर तिचा हात घट्ट होता. भीती गेलेली नाही, ती जायला कुठला पाना नाही.

आज संध्याकाळी एकच काम करा. घरी गेलात की मागं बसणाऱ्या माणसाला विचारा: "दणके बसतात का गं?" किंवा "बसतात का रे?" आई असेल तर आईला विचारा. ती "नाही रे बाबा" म्हणेल, सवयच असते तशी. तरी खाली वाकून खाच बघा.

कुठल्या खाचेवर सापडली ते कमेंटमध्ये लिहा. आणि तुमच्या गावच्या गतिरोधकाचा टेप लावलेला फोटो असेल तर तोही टाका. यादी मी करतो, निवेदन आपण सगळे मिळून देऊ.